व्हॅनिला परफ्यूमचा वास खरंच उडतो का?

"दहा मिनिटांत वास गेला, म्हणजे व्हॅनिला परफ्यूम नकली" हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे. पण बहुतेकदा वास जात नाही, आपलं नाक त्याला सरावतं. लिंबू-संत्र्यासारखे हलके वास आधी उडतात. व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाला वास देणारा मुख्य घटक, सावकाश उडतं, म्हणून तो गोडवा मागे उरतो. परभणीच्या मे महिन्यात तर तो जास्तच दरवळतो, एक फवारा पुरे.

खात्री करायचीय? रुमालाच्या कोपऱ्यावर फवारा, रुमाल खोलीत ठेवा अन् अर्धा तास अंगणात बसा. परत येऊन हुंगा. माझी आई तर बाहेरून येताच विचारते, "नानखटाई भाजलीस का गं?" पांढऱ्या रुमालावर पुढे पिवळट डाग पडू शकतो, तीही भेसळ नव्हे, व्हॅनिलिनचाच गुण.