नाताळ : घरातला आणि चारचौघांतला

नाताळ हा येशू ख्रिस्ताचा जन्मोत्सव. बहुतेक ख्रिस्ती पंथ तो 25 डिसेंबरला पाळतात. या सणाचा एक भाग चारचौघांत दिसतो : चर्चमधली उपासना, रस्त्यावरची रोषणाई, चौकातले झाड, सरकारी सुट्टी. दुसरा भाग घराच्या चार भिंतींत असतो : ठरलेले जेवण, झाड सजवण्याची रीत, भेटवस्तू, आजीच्या काळापासून चालत आलेले एखादे गाणे. इतिहासात पहिल्या भागावर अनेकदा बंदी आली. दुसरा भाग कायद्याच्या हाती सहसा लागला नाही.

बायबलमध्ये येशूची जन्मतारीख नाही. रोममध्ये 25 डिसेंबरला हा सण पाळला जात असल्याची सर्वांत जुनी नोंद 336 सालची आहे. प्युरिटनांनी, म्हणजे इंग्लंडमधल्या कडव्या प्रोटेस्टंट सुधारकांनी, नेमके यावरच बोट ठेवले. शास्त्रात आधार नाही आणि वर खाणेपिणे, जुगार, दंगामस्ती, तेव्हा असला सण हवाच कशाला, असा त्यांचा सवाल होता. जून 1647 मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने ईस्टरसह नाताळ रद्द केला. याचे खापर प्युरिटन सेनानी ऑलिव्हर क्रॉमवेलच्या डोक्यावर फोडायची पद्धत आहे. पण तो राष्ट्रप्रमुख झाला 1653 मध्ये, आणि बंदी पार्लमेंटची होती. लोकांनी ती मुकाट्याने मानली नाही. त्याच वर्षीच्या नाताळात कँटरबरी शहरात दंगल उसळली आणि आदेश पाळून उघडी ठेवलेली दुकाने जमावाने फोडली. दहा वर्षांनंतरही परिस्थिती निवळली नव्हती. 1657 च्या नाताळात लंडनमधल्या एका प्रार्थनास्थळाला सैनिकांनी वेढा घातला आणि प्रभुभोजन घ्यायला पुढे येणाऱ्यांवर बंदुका रोखल्या, असे इंग्रज लेखक जॉन एव्हलिनने रोजनिशीत लिहून ठेवले आहे. तो स्वतः तिथे हजर होता. मधल्या काळात हटवलेली राजेशाही 1660 मध्ये परतली आणि सणही परतला.

अटलांटिकपलीकडे मॅसॅच्युसेट्स वसाहतीने 1659 मध्ये नाताळ पाळणाऱ्याला 5 शिलिंग दंड ठरवला. काम बंद ठेवणे आणि मेजवानी करणे हे दोन्ही गुन्हेच. हा कायदा 1681 मध्ये मागे घेतला गेला, तरी त्या भागात सणाकडे पाहण्याची नजर पुढे बराच काळ कडवटच राहिली. अमेरिकेत संघराज्य पातळीवर नाताळची सुट्टी आली ती 1870 मध्ये. स्कॉटलंडला तर 1958 पर्यंत थांबावे लागले. तिथे वर्षअखेरीचा उत्सव इतका मोठा होण्यामागे हे एक कारण आहे.

विसाव्या शतकात बंदीचे कारण बदलले. सोव्हिएत संघात नाताळचे झाड हे धर्माचे आणि भांडवलदारांचे चिन्ह ठरले. मग डिसेंबर 1935 मध्ये पावेल पोस्तिशेव या नेत्याने कम्युनिस्ट पक्षाच्या ‘प्रावदा’ या वृत्तपत्रात लिहून झाड परत आणण्याची सूचना केली, मात्र आता ते नववर्षाचे झाड होते. शेंड्यावरच्या बेथलेहेमच्या ताऱ्याच्या जागी पंचकोनी लाल तारा आला. राज्यकर्त्यांना सण मोडता आला नाही, म्हणून त्यांनी त्याचे नाव बदलले, असेच म्हणावे लागते. क्युबामध्ये 1969 मध्ये ऊसतोडणीच्या हंगामाचे निमित्त सांगून सुट्टी काढून घेण्यात आली. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या जानेवारी 1998 मधील भेटीच्या तोंडावर ती पुन्हा मिळाली.

ज्या घरगुती रीती आज पुरातन वाटतात, त्यांतल्या बऱ्याच फारशा जुन्या नाहीत. स्ट्रासबर्गमध्ये लोक दिवाणखान्यात झाड उभे करून त्यावर कागदी गुलाब आणि सफरचंदे लावत, अशी 1605 ची नोंद आहे. पण इंग्रजी भाषक घरांत ही चाल रुजली ती मुख्यतः 1848 नंतर. व्हिक्टोरिया राणी आणि राजपुत्र अल्बर्ट मुलांसह सजवलेल्या झाडाभोवती उभे असल्याचे चित्र त्या वर्षी एका सचित्र साप्ताहिकात छापून आले आणि मध्यमवर्गाने ते उचलले. छापील भेटकार्ड 1843 चे. आगमनकाळातले, म्हणजे नाताळआधीच्या साधारण चार आठवड्यांतले, मेणबत्त्यांचे चक्र 1839 चे : हँबर्गमध्ये निराधार मुलांचा आश्रम चालवणारे योहान हिनरिच विचर्न मुलांच्या ‘नाताळ कधी?’ या रोजच्या प्रश्नाला कंटाळले आणि त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. रविवारी मोठी, इतर दिवशी लहान. येशूजन्माचा गोठा मात्र खरोखरच जुना. संत फ्रान्सिस यांनी 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी जिवंत बैल आणि गाढवासह तो देखावा उभा केला.

पोलंडमध्ये तर 24 डिसेंबरची संध्याकाळच सणाचा गाभा मानली जाते. आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत कुणी जेवायला बसत नाही. मेजावरच्या चादरीखाली वाळलेले गवत पसरतात. जेवणाआधी प्रत्येक जण पीठ-पाण्याच्या पातळ पापुद्र्याचा तुकडा दुसऱ्याच्या हातातून मोडून घेतो आणि शुभेच्छा देतो. वर्षभराचा अबोला सुटायचा तो इथेच, किंवा मग सुटतच नाही. अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट जास्तीचे मांडलेले असते.

आजच्या लोकशाही देशांत वाद उरला आहे तो सरकारी जागेचा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट शहराने मांडलेला गोठा चालवून घेतला, कारण त्याच्या आजूबाजूला सांताक्लॉज आणि इतर सजावटही होती. 1989 मध्ये पिट्सबर्गच्या न्यायालयाच्या इमारतीत एकटाच मांडलेला गोठा सर्वोच्च न्यायालयानेच घटनाबाह्य ठरवला. खासगी घराच्या अंगणात कुणी काय मांडावे, हा प्रश्न या दोन्ही खटल्यांत नव्हताच. सार्वजनिक चर्चेत मात्र हा फरक हमखास हरवतो.

तारखेचा पेचही आहेच. जुने ज्युलियन पंचांग पाळणाऱ्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये नाताळ 7 जानेवारीला येतो. ते आणि आज रूढ असलेले ग्रेगोरियन पंचांग यांत सध्या 13 दिवसांचे अंतर आहे. 2101 पासून तोच सण 8 जानेवारीला येईल. युक्रेनने 2023 मध्ये कायदा करून 7 जानेवारीची सरकारी सुट्टी रद्द केली आणि 25 डिसेंबरची ठेवली.