स्लाइस घालवण्यासाठी डावीकडे वळून उभे राहू नका

आमच्याकडे गोल्फ शिकायला येणाऱ्या बहुतेक खेळाडूंची तक्रार एकच असते: ड्रायव्हरने (लांब पल्ल्याच्या क्लबने, म्हणजे गोल्फच्या काठीने) मारलेला चेंडू सुरुवातीला बरा जातो आणि पुढे उजवीकडे वळत फेअरवेच्या (आखूड कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) बाहेर पडतो. यालाच स्लाइस म्हणतात. (हे पत्रक उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे, डावखुऱ्यांनी दिशा उलट धराव्यात.) त्यावर प्रत्येकाने आपापला उपायही शोधलेला असतो, तो म्हणजे लक्ष्याच्या बराच डावीकडे निशाणा धरून उभे राहणे. आमचा आणि तुमचा सर्वांत जास्त वेळ या उपायामुळेच वाया जातो.

चेंडू कोणत्या दिशेने सुटणार हे मुख्यतः फटक्याच्या क्षणी क्लबचा फेस (चेंडूला लागणारी बाजू) कुठे रोखलेला आहे यावर ठरते, तर तो हवेत किती वळणार हे फेस आणि क्लबचा मार्ग यांच्यातील फरकावर अवलंबून असते. स्लाइसमध्ये क्लब बाहेरून आत, म्हणजे डावीकडे, चेंडूला कापत जातो आणि त्या मार्गाच्या तुलनेत फेस उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, राहतो. तुम्ही पाय आणि खांदे डावीकडे वळवता तेव्हा क्लबही त्यांच्यामागोमाग आणखी डावीकडे जातो. चेंडू मात्र लक्ष्याकडे जावा म्हणून हात नकळत फेस उघडा ठेवतात आणि वळण वाढतच जाते. आयर्नने (धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबने) फटका मारल्यावर निघालेल्या डिव्हटकडे, म्हणजे गवत उखडून पडलेल्या खाचेकडे, वाकून पाहा. त्याचे टोक लक्ष्याच्या डावीकडे असेल, तर क्लबचा मार्ग चुकतो आहे हे तिथेच दिसेल.

म्हणून सरावात प्रथम एक क्लब पायांच्या टोकांजवळ, लक्ष्याच्या रेषेला समांतर ठेवावा. ग्रिप धरल्यावर डाव्या मुठीवरचे, बोटांच्या मुळाशी असलेले किमान दोन उंचवटे वरून दिसले पाहिजेत. त्यानंतर चेंडूच्या किंचित मागे आणि तुमच्यापासून पलीकडच्या बाजूला, वीतभर अंतरावर हेडकव्हर (क्लबच्या डोक्याचे आवरण) ठेवून सेव्हन आयर्नने कमरेपासून कमरेपर्यंत अर्धा स्विंग करावा. क्लब बाहेरून आला तर तो हेडकव्हरला लागतो आणि चूक कोणी सांगावी लागत नाही. हे जमल्यावर पूर्ण बॅकस्विंग (क्लब मागे वर नेणे) घेऊन हात दोनदा फक्त कमरेपर्यंत खाली आणावेत, वजन डाव्या पायावर जाते आहे ना ते पाहावे आणि तिसऱ्या वेळी फटका मारावा.

या काळात काही चेंडू सरळ डावीकडे जातील. त्याचा अर्थ फेस सुधारला आहे आणि मार्ग सुधारायचा बाकी आहे. कृपया तेव्हा घाबरून जुन्या सवयीकडे परतू नये.

बिघाड ड्रायव्हरमध्ये असताना आम्ही आयर्न का देतो, असे अनेकजण विचारतात, आणि त्यांची नाराजी आम्हाला समजते. ड्रायव्हर लांब असतो, वेगाने फिरतो आणि त्याचा लॉफ्ट (फेसचा वरच्या बाजूचा कल) कमी असल्यामुळे लहान चूकही मोठे वळण घेते. अशा वेळी शरीर नवे शिकण्याऐवजी जुनाच स्विंग पुन्हा करते. अर्धा स्विंग पक्का झाला की तुमचाच ड्रायव्हर आम्ही हाती देतो आणि तासाला मोजकेच चेंडू ठेवतो, कारण प्रत्येक फटक्यानंतर पाय, खांदे आणि फेस तपासायला प्रशिक्षकाला तेवढा वेळ लागतो.

पहिल्या सत्राला येताना लक्ष्याच्या रेषेत मागून, हातांच्या उंचीवरून मोबाइलने टिपलेले आपले तीन-चार स्विंग सोबत आणावेत.