चाळीस टक्क्यांचा गैरसमज

बडोद्यात मेंदूवैविध्याच्या, म्हणजे स्वमग्नता किंवा डिस्लेक्सियासारख्या (वाचन-लेखनातल्या अडचणीच्या) वेगळ्या मेंदूघडणीच्या, प्रशिक्षणाला बसलं, मग ते कॉलेजात असो वा मकरपुऱ्याच्या कारखान्यात, की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘चाळीस टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नाही, म्हणजे सोय नाही.’

हे साफ चूक आहे. २०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांना आहे, वाजवी सोयींना, म्हणजे अडचण पाहून कामाच्या वा परीक्षेच्या पद्धतीत केलेल्या बदलांना, नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ला विकास कुमार प्रकरणात हेच स्पष्ट केलं आणि लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिकाचा हक्क दिला. स्वमग्नता आणि डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता तर या कायद्यात नावानिशी आहे.

बहुतेक सोयींना खर्चही नसतो. यंत्रांच्या गोंगाटात सुपरवायझर एका दमात पाच कामं सांगतो, त्यातली दोनच होतात आणि माणूस ‘बेफिकीर’ ठरतो. तीच पाच कामं क्रमाने चिठ्ठीवर लिहून द्या, पहिलं झाल्यावर दुसरं तपासा. मुलाखतीचे प्रश्न आदल्या दिवशी पाठवा. तोंडी परीक्षेत उत्तराला सलग वेळ द्या, मध्येच दुसरा प्रश्न टाकू नका. आणि निदान काय, हे चारचौघांत कधीच विचारू नका. विचारायचं ते एवढंच: ‘काम कुठे अडतं?’