हात कोरडे, नाडी धिमी

मे महिन्यातल्या एका दुपारी शेजारचा मुलगा रेशन दुकानातून परतला तो तणतणतच. हातांना सतत घाम, त्यामुळे यंत्रावर अंगठा उमटत नव्हता. दुकानदाराने फडक्याला पुसायला लावला, मग शर्टाला, मग पुन्हा फडक्याला. पाचव्या खेपेला एकदाचं तांदूळ मिळालं. वय बावीस, गावच्या कबड्डी संघात चढाईला हाच पहिला. पण कुणी हात मिळवायला पुढे केला की याचा हात खिशात. माडावर चढायला तर घरचे त्याला पाठवतच नाहीत.

‘अंगात उष्णता आहे’ म्हणून कोकमाचं आगळ झालं, सब्जा झाला, वाळ्याचं पाणी झालं. देवळात कौलही लावला. कौल उजवा मिळाला, घाम तसाच राहिला. उष्णतेचा समज खोडायला खरं तर थर्मामीटरही लागत नाही. असा मुलगा गाढ झोपला की त्याचे तळवे चाचपून बघा, कोरडे असतात. तळव्यांचा घाम हवेच्या उकाड्यापेक्षा मेंदूतल्या ताण आणि भावनांच्या केंद्रांचं ऐकतो. मेंदू झोपला की नळ बंद.

आता त्याला मोबाइलवर एक रील सापडली होती: छोटंसं ऑपरेशन, हात कायमचे कोरडे, हृदयाशी काही संबंध नाही. त्याची आई मला विचारायला आली. मी निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, त्यामुळे गावात अर्धा डॉक्टर. “गुरुजी, घामाची शीर कापतत, ती हृदयाक पण जाता मा?”

आईची शंका रीलपेक्षा शास्त्राला धरून होती.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना, फासळ्यांच्या मुळाशी, एकेक बारीक पांढुरकी दोरी उभी असते. रापणीच्या जाळ्याच्या दोरीला जसे थोड्या थोड्या अंतरावर तरंगते गोळे बांधलेले असतात, तशा तिच्यावर गाठी असतात. ही अनुकंपी चेतासंस्थेची साखळी. भीती, धावपळ, परीक्षा, साप दिसणे, असल्या प्रसंगांचे हुकूम तिच्यातून खाली जातात. ऑपरेशनमध्ये रुग्णाला भूल देतात, काखेजवळ एक-दोन छोटी छिद्रं पाडतात, त्या बाजूचं फुप्फुस थोडा वेळ मिटवतात आणि कॅमेऱ्यात बघत ही दोरी तिसऱ्या किंवा चौथ्या फासळीवर तोडतात. मग दुसरी बाजू. बोटाला तापमापक लावलेला असेल तर दोरी तुटल्यावर तळव्याच्या रक्तवाहिन्या सैल होऊन तापमान वर सरकताना दिसतं. काम फत्ते झाल्याची खूण ती हीच.

अडचण एवढीच, की हृदयाला जाणारे अनुकंपी तंतू छातीमागच्या वरच्या चार-पाच मणक्यांच्या पातळीवरूनच निघतात. म्हणजे हाताची आणि हृदयाची वायर काही अंतर एकाच पाइपातून जाते. मग दोरी तोडल्यावर हृदय बंद का पडत नाही? इथे माझा आवडता भाग सुरू होतो. वर्गातही या तासाला घंटा व्हायची, तरी मी थांबायचो नाही.

हृदयाला चालायला मेंदूची गरजच नाही. उजव्या वरच्या कप्प्यातला सायनस नोड नावाचा पेशींचा पुंजका आपणच ठेका धरतो. आणि हा ठेका ७० चा नसतो! १९७० मध्ये होजे आणि कॉलिसन या दोन संशोधकांनी औषधं देऊन हृदयाला पळवणाऱ्या आणि आवरणाऱ्या अशा दोन्ही चेतातंतूंचा आवाज बंद केला आणि एकटं हृदय किती धावतं ते मोजलं. त्यांचं सूत्र सोपं आहे. वयाला ०.५७ ने गुणा आणि उत्तर ११८.१ मधून वजा करा. बावीस वर्षांच्या पोराला साधारण १०६ येतात. मग बसल्या जागी आपली नाडी ७० कशी? तर व्हेगस नावाच्या चेतातंतूने ब्रेक दाबून धरलेला असतो म्हणून.

कशेडी घाट उतरणारी एसटी डोळ्यासमोर आणा. ड्रायव्हरचा पाय ॲक्सिलरेटरवर नाहीच. गाडी उताराने आपली धावतेय आणि तो ब्रेकवर तिला आवरतोय. आपण विश्रांतीत असतो तेव्हा हृदय असंच उतारावर असतं. तुम्ही उठून चालू लागलात की मेंदू आधी ब्रेक सैल करतो, आणि नाडी शंभरच्या आसपास जाईपर्यंत बरंचसं काम एवढ्यावरच भागतं. त्यापुढे चढ लागला तर ॲक्सिलरेटर, म्हणजे अनुकंपी तंतू. आता त्या ॲक्सिलरेटरच्या काही तारा तोडल्या तर काय होईल? बसल्या जागी नाडी थोडीशी उतरेल. पण समुद्रावरून वरच्या वाडीत जाणारी पाखाडी धावत चढताना ती पूर्वीइतकी उंच जाणार नाही. ऑपरेशन झालेल्या रुग्णांना व्यायाम करायला लावून केलेल्या चाचण्यांत हेच दिसलं. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळीची हलकी मात्रा कायमची घेतल्यासारखा हा परिणाम असतो. तो बहुतेकांना जाणवतही नाही, कारण काही तारा शाबूत राहतात आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतलं ॲड्रिनॅलिन रक्तातून हृदयाकडे येतंच, फक्त जरा उशिरा. पण ऑपरेशननंतर नाडी इतकी मंदावली की पेसमेकर बसवावा लागला, अशीही नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. घटना विरळाच, पण ‘संबंध नाही’ म्हणणाऱ्यांनी ती वाचावी.

कौलासारखं इथेही उजवं-डावं असतं. उजवे तंतू जास्त करून सायनस नोडवर, म्हणजे वेगावर हुकमत चालवतात. डावे तंतू निलयांवर, म्हणजे खालच्या कप्प्यांवर. म्हणूनच ठोका जीवघेणा बिघडण्याच्या ‘लाँग क्यूटी’ नावाच्या आनुवंशिक आजारात काही रुग्णांची डावी साखळी मुद्दाम तोडतात. हे १९७१ पासून चालत आलंय. त्याही आधी, १९१६ मध्ये, रुमानियात योनेस्कू या शल्यविशारदाने छातीच्या कळांवर उपाय म्हणून डाव्या बाजूची वरची गाठ काढली होती. हृदयासाठी जे ऑपरेशन करतात, त्याच्याच भावकीतलं हे हातांचं ऑपरेशन.

गंमत अशी, की दोरी एक असली तरी टोकाला रसायनं दोन. हृदयापाशी हे तंतू नॉरॲड्रिनॅलिन सोडतात. घामाच्या ग्रंथीपाशी मात्र ॲसिटिलकोलीन, जे खरं म्हणजे ब्रेकवाल्या व्हेगसचं रसायन! डेल आणि फेल्डबर्ग यांनी १९३४ मध्ये मांजराच्या पंजावर हे दाखवून दिलं. बांधावरचा धोतरा पोटात गेला तर कातडी कोरडी ठणठणीत होते आणि छाती धडधडते, ते यामुळेच. त्यातलं ॲट्रोपिन घामही अडवतं आणि ब्रेकही सोडवतं. (करून बघायची गोष्ट नाही ही, माणसं दगावतात.) याच रसायनाला अडवणाऱ्या सौम्य गोळ्या डॉक्टर घामावर देतात, त्यांनी तोंड कोरडं पडतं.

रीलमध्ये आणखी एक गोष्ट गाळलेली होती, आणि कोकणात ती हृदयापेक्षा जड पडते. हातांचा घाम बंद झाला की अनेकांना पाठ, पोट, मांड्या यांना जास्त घाम येऊ लागतो. आपल्याकडच्या दमट हवेत तो वाळत नाही, सदरा अंगाला चिकटूनच राहतो. आणि तोडलेली दोरी पुन्हा जोडून मिळत नाही. म्हणून आधी ॲल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण, पाण्यात हात बुडवून सौम्य वीजप्रवाह देण्याचा उपचार किंवा बोटॉक्स बघतात. सुरी सगळ्यांत शेवटी.

अमेरिकेतल्या छाती-शल्यविशारदांच्या संघटनेने २०११ मध्ये छापलेल्या तज्ज्ञांच्या मतानुसार, या ऑपरेशनसाठी योग्य रुग्णाची विश्रांतीतली नाडी मिनिटाला ५५ पेक्षा कमी नसावी. मी पोराला म्हटलं, उद्या अंथरुणातून उठायच्या आधी नाडी मोज, मग पाखाडी धावत चढून वर पुन्हा मोज, आणि दोन्ही आकडे लिहून आण. डॉक्टरांकडे जाशील तेव्हा कागद बरोबर ने.

सकाळी तो कागद घेऊन ओट्यावर आला. पहिला आकडा ५२. कबड्डीपटूच्या हृदयाला तो शोभणाराच, पण सर्जनला आधी सांगावा असा. दुसरा आकडा त्याने वर पोचल्यावर धापा टाकतच लिहिला होता. शाईचं पेन, ओला पंजा. १४ पर्यंत दिसत होतं, पुढचा अंक फुटला होता. आठ की सहा, ते त्याला स्वतःलाच वाचता येईना.