एकतीस चिंचोके आणि चार कोटी अंक

आंबिया बहाराची संत्री तोडायला आली की मी वरुडजवळच्या आमच्या गावी जातो. या खेपेला पुतणीने ओसरीवर मोबाइल पुढे केला. "काका, हे पाहा. या एका नंबरावर म्हणे साऱ्या बँका चालतात!"

साफ चूक. बँकांच्या कुलुपांना लागतात त्या काही शे अंकी आणि गुप्त ठेवलेल्या मूळ संख्या, म्हणजे १ आणि स्वतःखेरीज कशानेच भाग न जाणाऱ्या. मोबाइलवरची ही संख्याही मूळच, पण ती तर जगजाहीर आहे: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. पानावर दोन हजार बसवले तरी वीस हजारांवर पानं लागतील. अमेरिकेतले संशोधक ल्यूक ड्युरंट यांना ती ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडली.

"पण हिला कशानेच भाग जात नाही, हे भागून पाह्यलं कोनं?"

कोणीच नाही, आणि त्यातच खरी गंमत आहे. अशा '२ चा घात वजा १' संख्यांसाठी लुकास आणि लेहमर या गणितज्ञांची एक कसोटी आहे. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, त्यातून २ वजा करायचे, उरेल त्याला तपासायच्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवायची. घातांकापेक्षा दोनने कमी वेळा हे करायचं. शेवटची बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही तर नाही.

२ चा ५ वा घात वजा १, म्हणजे ३१ घेऊ. तीन फेऱ्या. ४ चा वर्ग १६, वजा २, झाले १४. १४ चा वर्ग १९६, वजा २, झाले १९४. आता ३१ ने भागायचं, पण भागाकाराची गरजच नाही. आम्ही टोपल्यातले १९४ चिंचोके मोजून बत्तीस-बत्तीसचे ढीग केले. सहा ढीग झाले, वर दोन उरले. प्रत्येक ढिगातून ३१ काढले की एकच चिंचोका राहतो. म्हणून बाकी ६ अधिक २, म्हणजे ८. तिसरी फेरी: ६४ वजा २, ६२. एक ढीग, वर ३०. बेरीज ३१, म्हणजे शून्य. ३१ मूळ!

संगणक दोनच्या घातांतच मोजतो, म्हणून त्याला हे ढीग आयतेच मिळतात. कोट्यवधी अंकांचा भागाकार नुसत्या बेरजेवर भागतो.

अंकज्योतिषी मोबाइल नंबरातल्या अंकांची बेरीज करत 'शुभांक' काढतात, तीही हीच युक्ती. १० म्हणजे ९ अधिक १, म्हणून बेरजेतून ९ ने भागल्यावरची बाकी उरते. तिचा नशिबाशी काडीचा संबंध नाही, आणि त्यापायी लोक पैसे मोजतात याचं मला फार वाईट वाटतं.

घातांक मूळ असला म्हणजे झालं, असंही नाही. ११ घेतला तर २०४७ येतात, आणि ते २३ गुणिले ८९ आहेत. कसोटीत तिथे शेवटी १७३६ उरतात.

संध्याकाळी पुतणीने खोक्याच्या पुठ्ठ्यावर २ चा ७ वा घात वजा १, म्हणजे १२७ ची कसोटी मांडली. ढीग आता १२८ चे, फेऱ्या पाच. १४, ६७, ४२, १११ इथवर ती आली. मग १११ चा वर्ग वजा २, म्हणजे १२,३१९. ९६ ढीग, वर ३१. दोन्हींची बेरीज करून ती ओरडली, "काका, एकशे सत्तावीस!"