पुनरावृत्ती वेगळी, पिढ्यांचं चक्र वेगळं

१७६१, १८५७, १९४७. हे तीन आकडे एका ओळीत मांडायचे, ‘साधारण दर नव्वद वर्षांनी देश कूस बदलतो’ असं ठोकून द्यायचं आणि पुढच्या उलथापालथीचं साल काढून मोकळं व्हायचं. पुण्यात इतिहासावर बोलायला परवाना लागत नाही, त्यामुळे हे गणित कट्ट्यापासून व्याख्यानमालेपर्यंत सगळीकडे खपतं. घटनेची पुनरावृत्ती आणि पिढ्यांचं चक्र अशा दोन निराळ्या गोष्टींची ही खिचडी आहे.

पुनरावृत्ती सगळ्यांना ठाऊक आहे: बाहेरचं कारण परत आलं की घटना परत येते. पाऊस दगा देतो, धान्य महागतं, दुष्काळ पडतो. दख्खनमध्ये तो १८७६-७८ ला पडला, १८९६-९७ ला पडला आणि लगेच १८९९-१९०० ला. १८७६ साली विशीत असलेला शेतकरी १८९६ साली चाळिशीत होता, तो काही विसरला नव्हता. सरकारी दुष्काळ आयोगाचा अहवालही १८८० मध्येच आला होता. पाऊस कुणाच्या आठवणीवर चालत नाही, एवढंच.

पुराचं तर फक्त नाव सारखं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तुफान पावसानं पुण्यातला आंबिल ओढा घरांत शिरला. यातून ‘अठ्ठावन्न वर्षांचं चक्र’ काढणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

पिढ्यांचं चक्र आतून फिरतं. धक्का खाल्लेली माणसं निर्णयाच्या जागी असतात तोवर सावधगिरी टिकते. ती गेली की सावधगिरी सुटते, आणि त्या सुटण्यातूनच पुढचा धक्का तयार होतो. इथे बहुतेकांचा पाय घसरतो तो ‘पिढी’ या शब्दावरून. बाप-लेकातलं पंचवीस वर्षांचं अंतर ही घरातली पिढी. देशाला तशी पिढी नसते, कारण मुलं रोज जन्मतात. अमुक साली एक पिढी संपून दुसरी सुरू झाली अशी रेघ ओढता येत नाही. रेघ ओढतो तो धक्का. ऐन उमेदीत एकच तडाखा खाल्लेली माणसं, मग त्यांच्या वयात दहा-बारा वर्षांचा फरक का असेना, एका पिढीची होतात.

पानिपत घ्या. १४ जानेवारी १७६१ ला नाना फडणवीस अठरा वर्षांचे होते. जीव वाचवून परतले, आई मात्र त्या धांदलीत कायमची अंतरली. महादजी शिंदे तिशीच्या आसपास. पाय कायमचा अधू झाला. राणेखान नावाच्या भिश्त्यानं त्यांना पाणी वाहायच्या बैलावर घालून आणलं, अशी आठवण सांगतात. दोघांचं एकमेकांशी पटायचं असं नाही, पण घर फुटलं तर काय होतं हे दोघांनी पाहिलं होतं. १७७१ मध्ये मराठे पुन्हा दिल्लीत होते.

आता जाण्याचा क्रम बघा. महादजी १७९४ मध्ये वानवडीला गेले, तुकोजी होळकर १७९७ मध्ये, नाना १८०० मध्ये. सगळे सरदार शेवटचे एकत्र लढले ते १७९५ मध्ये निजामाविरुद्ध खर्ड्याला. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरजवळ होळकरांची फौज एका बाजूला, शिंदे-पेशव्यांची दुसऱ्या बाजूला. यशवंतराव होळकर पंचविशीचे, दौलतराव शिंदे तेविशीच्या आसपास, दुसरा बाजीराव सत्तावीस वर्षांचा; तिघंही पानिपतानंतर चौदा ते अठरा वर्षांनी जन्मलेले. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला बाजीरावानं इंग्रजांशी वसईचा तह केला. इथं चाळीस वर्षांचं अंतर आपोआप पडलं, कारण विशी-तिशीत पोळलेला माणूस साठीपर्यंत सत्तेत राहतो.

राघोबादादा वयानं नाना-महादजींच्याच बरोबरीचे, तरी १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह करून मोकळे झाले. मात्र ते पानिपतावर नव्हते. शिवाय हा एकच फेरा आहे. एका फेऱ्याला चक्र म्हणत नाहीत, पिढीपालट म्हणतात. त्यात कुणी इब्न खल्दून या चौदाव्या शतकातल्या अरब इतिहासकाराला ओढून आणतं: घराण्याच्या तीन पिढ्या, प्रत्येकी चाळीस वर्षं, म्हणून १७१३ ते १८१८ ची पेशवाई ‘जवळजवळ बसते’. एकशेवीसचे एकशेपाच कसे झाले, हे विचारायचं नाही.

चक्राचा दावा तपासायचा तर आधी अंतर ठरवा, साल नंतर शोधा. उलट केलं की कुठलंही साल बसतं. मग निर्णयाच्या जागी असलेल्या आठ-दहा जणांची जन्मसालं काढा आणि मागच्या धक्क्याच्या वेळी प्रत्येकाचं वय किती होतं ते समोर लिहा. शेवटी, मागच्या धक्क्यानं शिकवलेली कुठली खबरदारी कुणी, कधी सोडली ते दाखवा. हे तिसरं जमलं नाही तर तो नुसता योगायोग, किंवा पुनरावृत्ती.

सुरुवातीचे आकडे या कसोटीला लावा. १७६१ ते १८५७ हे शहाण्णव, १८५७ ते १९४७ हे नव्वद. गांधीजी १८६९ चे, पटेल १८७५ चे, नेहरू १८८९ चे. १८५७ पाहिलेला यांत एकही नाही. १९१९ मध्ये जालियनवाला बाग झाली तेव्हा नेहरू एकोणतीस वर्षांचे होते. तिथून १९४७ पर्यंत मोजलीत तर अठ्ठावीस वर्षं भरतात.