पॉलिश मारलं की पाइन फुगत नाही? कोण म्हणतं!

ठाण्यात कोणी पाइनच्या रुंद फळ्यांचं फ्लोअरिंग करायचं म्हटलं की मिस्त्री एकच सांगतो, "तीन कोट पॉलिश मारतो साहेब, लाकूड हलणारच नाही." मीपण घोडबंदर रोडला टेरेसवर छोटी लाकडी केबिन बांधली तेव्हा डोळे झाकून मान डोलावली. जुलैत फळ्यांच्या कडा वर आल्या आणि मध्ये खोलगट, पन्हाळीसारखं, टेबलाचा एक पाय कायम हवेत!

पॉलिश सांडलेलं पाणी अडवतं, पण हवेतला दमटपणा अडवत नाही, फक्त त्याला आत शिरायला जरा उशीर लावतं. त्यात खालची बाजू बहुतेक वेळा कोरीच ठेवलेली असते, ती ओल पिते, खालून फुगते आणि कडा उचलल्या जातात. हवेत ५०% दमटपणा असेल तर लाकडात ओलावा साधारण ९% राहतो, ८०% ला तो १५-१६% वर जातो, म्हणजे १० इंची फळी ३-४ मिमी रुंदावू शकते. लांबीत जवळजवळ काहीच नाही, सगळा खेळ रुंदीचा. म्हणून रुंद फळी घ्यायचीच तर दोन्ही बाजूंना पॉलिश करा, भिंतीलगत १०-१२ मिमी फट सोडा (स्कर्टिंगखाली लपते), आणि बसवण्याआधी मॉइश्चर मीटर (लाकडातला ओलावा मोजायचं यंत्र) लावून बघा. मिस्त्रीच्या "लाकूड आठवडाभर खोलीत ठेवलंय" याला काही अर्थ नाही, फळ्या गठ्ठा बांधूनच ठेवल्या तर आतल्यांना हवाच लागत नाही.

माझ्या टेबलाखाली अजून पुठ्ठाच आहे.